कोकण किनारा पायी: आधी तिथी पाहा, खाड्या मोजा, मग किलोमीटर

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ कळेल. दर्यापूर तालुक्यातल्या तुमच्या गावातला नऊ जणांचा गट, बहुतेक कास्तकार. दरवर्षी शेगावला पायी जाता, दिवसाला तीस किलोमीटर सहज होतात. यंदा कापूस आणि तूर उरकली की श्रीवर्धनपासून गणपतीपुळ्यापर्यंत समुद्राच्या काठाकाठानं पाच दिवसांत चालत जायचं आहे. पोहता कोणालाच येत नाही. तंबू न्यावा का? आणि वडील सदुसष्ट वर्षांचे आहेत, त्यांनी समुद्र पाहिलेला नाही, त्यांना सोबत आणावं का?

मी परतवाड्याचा. आपल्या भागातले गट घेऊन बावीस वर्षं कोकणात चालतो आहे. तुमची चालण्याची ताकद मला माहीत आहे, तिच्याबद्दल शंका नाही. पण हा बेत पाच दिवसांत होणार नाही, आणि तो करायला जाऊही नका.

शेगावच्या वाटेवर सकाळी उठून ठरवता येतं की आज तीस करायचे. रस्ता तिथेच असतो, कुठे जात नाही. किनाऱ्यावरची वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते. शिवाय दर काही कोसांवर खाडी आडवी येते. श्रीवर्धन ते गणपतीपुळे हे अंतर दीडशे किलोमीटरच्या वर आहे आणि वाटेत पाच मोठ्या खाड्या आहेत: सावित्रीची बाणकोटची, भारजा नदीची केळशीची, जोग नदीची आंजर्ल्याची, वाशिष्ठीची दाभोळची आणि शास्त्री नदीची जयगडची. प्रत्येक ठिकाणी पूल गाठा, नाहीतर फेरीबोटीची वाट पाहा. त्यात सकाळचा अर्धा दिवस कधी गेला हे कळत नाही. म्हणून मी गटाला पहिल्या बैठकीत सांगतो, नकाशावर किलोमीटर मोजू नका, खाड्या मोजा.

आता भरती-ओहोटी. सगळा बेत याच एका गोष्टीवर उभा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दिवसभरात दोनदा भरती, दोनदा ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण बारा तास पंचवीस मिनिटं जातात, त्यामुळे वेळ रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे सरकते. कोकणातले जुने लोक घड्याळाशिवाय ही वेळ सांगतात आणि त्यांचा हिशेब आपल्याला लगेच जमेल, कारण तिथी आपल्या घरातही पाठ असते. पक्षातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची; जो आकडा येईल त्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला पाणी पूर्ण चढलेलं. तिथून सहा तास मागे-पुढे मोजा: सकाळी नऊला पूर्ण ओहोटी. अष्टमीला सहा वाजता भरती, बाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला भरती बाराच्या सुमारास, ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाला. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशेब तोच. यात अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो आणि दक्षिणेकडे, सिंधुदुर्गाच्या बाजूला, मुंबईपेक्षा भरती थोडी आधी येते. म्हणून बेत आखायला तिथी पुरते, पण प्रत्यक्ष पाय टाकायच्या आधी भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तक्त्यावरून त्या बंदराची वेळ पाहा, आणि आदल्या संध्याकाळी गावातल्या एखाद्या कोळ्याला विचारा. आकडा त्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी गट काढत नाही.

पाणी चढण्याची चालही सारखी नसते. सहा तासांचे बारा हिस्से धरा. पहिल्या तासात एक हिस्सा चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यातही तीन, मग दोन, मग एक. म्हणजे सुरुवातीचे दोन तास वाटतं की समुद्र जागचा हललेला नाही आणि मधल्या दोन तासांत निम्मं पाणी अंगावर येतं. आपल्या माणसाची फसगत नेमकी इथे होते.

माझीही झाली आहे. तिसरी की चौथी खेप होती. चांदण्यात समुद्र पाहायचा म्हणून आम्ही पौर्णिमा गाठली. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. ओहोटी सकाळी साडेसहाला होऊन गेली होती, पण रात्री उशिरापर्यंत पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, बसलो होतो, म्हणून आवरून निघायला नऊ वाजले. गुहागरच्या दक्षिणेला एका भुशिराखालून, म्हणजे समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या टोकाखालून, वळसा घालायचा होता, जेमतेम चारशे मीटरचा खडकाळ टप्पा. निम्म्यात पोहोचलो तेव्हा पाणी घोट्याला होतं. पंधरा मिनिटांनी गुडघ्याच्या वर आलं आणि प्रत्येक लाटेसरशी पाठ खडकावर आपटायला लागली. माझ्यासोबत अकरा माणसं होती, त्यांतल्या दोघी पन्नाशीच्या काकू. वर कड्यावर गुरं घेऊन आलेल्या एका म्हाताऱ्या बाबांनी ओरडून, हातवारे करून आम्हाला एक घळ दाखवली, तिच्यातून एकेकाला वर ओढून घेतलं. एका काकूंचं मनगट मोडलं. वर आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "उधाणाचे दिवस आहेत, घरात कोणी सांगितलं नाही?" चूक पूर्णपणे माझी होती. त्या दिवसापासून माझ्या वहीत प्रत्येक मुक्कामापुढे तिथी आणि ओहोटीची वेळ आधी लिहिलेली असते, गावाचं नाव नंतर.

पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासच्या या मोठ्या भरतीला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास पाणी कमी चढतं, कमी उतरतं, तो भांग. मुंबई-अलिबागच्या बाजूला उधाणाचं पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. खाली दक्षिणेला हा फरक बराच कमी होतो, तरी माणूस वाहून जायला पुरेसा आहे. अलिबागचा कुलाबा किल्ला तुम्ही चित्रात पाहिला असेल. ओहोटीला त्याच्यात चालत जाता येतं आणि उशीर केला की त्याच वाटेवर होडी लागते.

आता या हिशेबाचा उपयोग बघा. तुम्ही द्वितीयेला किंवा तृतीयेला चालायला सुरुवात केली, तर पहिल्या दिवशी ओहोटी साडेसात-आठला, मग नऊला, पावणेदहाला, साडेदहाला. ओहोटीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास ओली घट्ट वाळू मिळते. म्हणजे चारही दिवस सकाळची थंड वेळ तुमची, आणि दुपारी ऊन चढतं तेव्हा समुद्रही वर येतो, तुम्ही गावात सावलीला. उधाणाचा जोरही तोपर्यंत ओसरत आलेला असतो. उलट अष्टमी-नवमीला निघालात तर मोकळी वाळू ऐन दुपारच्या उन्हात मिळेल. रजा आणि गाडीचं आरक्षण पाहून लोक तारीख ठरवतात आणि तिथी नंतर बघतात. तुम्ही पंचांग आधी काढा.

ऊन म्हटलं की आपल्याकडचा माणूस हसतो. पंचेचाळीस डिग्रीत वावरात उभं राहणाऱ्याला बत्तीस डिग्रीचं काय? पण गटातली जी माणसं माझ्यासमोर चक्कर येऊन बसली, त्यांतली बहुतेक तरुण आणि दणकट होती. आपली हवा कोरडी आहे, घाम आला की उडतो आणि उडताना अंग थंड करतो. कोकणात हवेतच पाणी एवढं असतं की घाम उडत नाही, नुसता गळतो. शर्ट पिळून निघतो, अंग मात्र तापतच राहतं. फेब्रुवारीतल्या एका खेपेला चोवीस वर्षांचा आमच्या तालुक्यातला पोरगा सकाळी अकरालाच सड्यावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या उघड्या पठारावर, कोसळला. तीन लिटर पाणी प्यायला होता, पण नुसतं पाणी. मीठ पोटात गेलंच नव्हतं. माणशी चार लिटर पाणी धरा आणि त्यातल्या निदान एक लिटरमध्ये ओआरएस किंवा मीठ-साखर घाला. तुमच्या गटात कोणाला रक्तदाबाची गोळी चालू असेल तर त्यांनी हे डॉक्टरांना विचारून ठरवायचं. पांढरा दुपट्टा न्या, तो तिथेही कामाचा आहे. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो, शाळेत शिकलो ते मतलई वारे. तो पडतो आणि समुद्रावरचा खारा वारा सुरू होईपर्यंत मधे तास-दोन तास हवा अगदी ठप्प असते. त्या वेळी चढ चढू नका.

मीठ आणि घाम यामुळे मांड्या आणि काखा घासून सोलतात, त्यावर रोज निघताना खोबरेल लावा. तुम्ही हसाल, पण घोटा मुरगळून जेवढे लोक परत गेले नसतील तेवढे या सोलण्यानं गेले.

वाट म्हणून तिथे काय असतं हेही सांगतो, कारण पाट्या लावलेली सलग पायवाट कोकण किनाऱ्याला नाही. पुळण संपली की खडक, खडक संपला की चढून वर सडा, सड्यावरून उतरून पुन्हा गाव. रंगावरून ओळखायला शिका. खालचा काळा खडक आपल्याच गाविलगड-नरनाळ्याचा बेसाल्ट आहे, एकाच लाव्हाच्या थरांतला. पण इथे त्याच्यावर शेवाळ आणि कालवांच्या धारदार कवच्या असतात. सुका असेल तर पाय टाका, हिरवा आणि ओला असेल तर फिरून जा. वरचा लाल दगड जांभा, तो पायाला छान धरतो, पण त्याच्या कड्याखालचा भाग लाटांनी पोखरलेला असतो. कड्याच्या टोकावर बसू नका आणि कड्याखाली जेवायला तर मुळीच बसू नका. सड्यावर सावली नाही, पाणी नाही. पावसाळ्यात हिरवंगार दिसणारं हे पठार जानेवारीत आपल्या उन्हाळ्यातल्या बरड जमिनीसारखं असतं. याच सड्यांवर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीला अठरा मीटर लांबीचा हत्ती कोरलेला आहे आणि त्याच्या पोटात लहानमोठे कित्येक प्राणी. यांतली काही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. ते तुमच्या या खेपेच्या वाटेवर नाही, पण कधीतरी त्यासाठीच जा आणि रेषांवर पाय न देता पाहा.

आपण ज्याला पांदण म्हणतो तशा कोकणात पाखाड्या असतात, जांभ्याच्या दगडांनी बांधलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाटा, दोन्ही बाजूंना गडगे, म्हणजे दगड रचलेल्या बुटक्या भिंती. भुशीर ओलांडायला पाखाडी मिळाली तर खालून जाण्याचा विचारही करू नका. त्या वाटा कुणाच्या आगरातून जातात, तेव्हा हाक मारून विचारा, आणि पडलेला नारळ किंवा सुपारी उचलू नका. एवढं पाळलं तर लोक स्वतःहून घोटभर पाणी आणून देतात.

खाडी पायानं ओलांडायची नाही. याला अपवाद नाही. मेळघाटात सिपना ओलांडलेल्या आपल्या पोरांना वाटतं की कमरेएवढं पाणी म्हणजे काय मोठं. नदीचा जोर एकाच दिशेला असतो, तो कळतो. खाडीच्या मुखाशी ओहोटी लागली की सगळं पाणी समुद्राकडे ओढ घेतं, तळाची वाळू पायाखालून सरकते आणि कडेला गुडघाभर चिखल. लहान होडी असेल तर होडीतून, फेरीबोट असेल तर तिच्यातून, नाहीतर पुलावरून. पोहायला येत नाही याची चिंता करू नका, कारण चालायला पोहणं लागत नाही. फक्त गुडघ्यावर पाण्यात कोणी उतरायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. हेदवीची बामणघळ पाहायला कधी गेलात, तर भरतीला त्या फटीतून पाणी किती उंच उसळतं ते लांबून पाहा. मदतीसाठी ११२ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक प्रत्येकाच्या फोनमध्ये घाला. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते रोज सकाळी पाहा.

आता तुमच्यासाठी मार्ग. केळशी ते दाभोळ, दापोली तालुक्याचा किनारा, चालण्याचे चार दिवस, रोज दहा ते चौदा किलोमीटर. तीसवाल्यांना हे कमी वाटेल. पूर्णेच्या रेतीत एकदा सहा किलोमीटर चालून बघा, पाठीवर सामान घेऊन, म्हणजे अंदाज येईल; माझ्या हिशेबात मऊ रेतीतला एक किलोमीटर डांबरावरच्या दीडाबरोबर आहे. वाळू समुद्राकडे उतरती असते, त्यामुळे एकाच बाजूच्या गुडघ्यावर भार येतो. पाण्याजवळच्या सपाट ओल्या पट्ट्यावरून चाला. पायात पट्ट्याचे मजबूत सँडल घ्या. बूट एकदा खाऱ्या पाण्यात भिजले की दोन दिवस वाळत नाहीत.

कोकण रेल्वेनं खेड स्टेशन, तिथून एसटीनं दापोली, दापोलीहून केळशी. नागपूर-मडगाव विशेष गाडी बडनेरा-अकोल्यावरून जाते, पण विशेष गाडी असल्यामुळे मुदत पाहून आरक्षण करा; नाहीतर पनवेलला गाडी बदला. एक खबरदारी: मुरूड दोन आहेत. जंजिऱ्याजवळचं मुरूड रायगड जिल्ह्यात, आपलं मुरूड दापोलीचं, महर्षी कर्वे ज्या गावात वाढले ते. माझ्या ओळखीच्या एका गटानं राहण्याची सोय चुकून दुसऱ्या मुरुडात केली होती आणि रात्री दहाला त्यांना ते कळलं. कर्व्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो, ते विद्यार्थी असताना परीक्षेसाठी याच गावातून घाट चढून साताऱ्याला पायी गेले होते.

पहिल्या दिवशी केळशीची पुळण, वाळूची टेकडी, मग आडे-पाडले करत आंजर्लं. हा टप्पा सगळ्यांत सुंदर आहे, रस्ता पाण्याला चिकटून जातो, त्यामुळे भरतीची धास्ती नाही. तृतीयेला निघालात तर दुसऱ्या सकाळी चतुर्थी येते आणि आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला चढता येतं. मूर्ती उजव्या सोंडेची आहे, वरून सुवर्णदुर्ग पाण्यात उभा दिसतो. आंजर्ल्याच्या पुळणीवर कासवं अंडी घालतात, तिथे रात्री बॅटरी घेऊन फिरू नका, दोरी लावलेल्या जागेत जाऊ नका. पुलावरून हर्णै. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव असतो आणि होड्यांपासून किनाऱ्यापर्यंत मासळी बैलगाड्यांतून येते. समुद्राच्या पाण्यात चाकं बुडवून उभी असलेली बैलजोडी पाहिली, तेव्हा आमच्या गटातला एक कास्तकार अर्धा तास जागचा हलला नाही. तुम्हीही वेळ ठेवा. तिथून मुरूड, कर्दे, लाडघर. कर्दे-लाडघरच्या मधे आणि बुरोंडीच्या पुढे कोळथऱ्यापर्यंत वरच्या रस्त्यानंच जा. दाभोळला चंडिकादेवीचं गुहेतलं देऊळ आहे; दिव्याच्या उजेडात दर्शन होतं. तिथे चालणं संपवा. वेळ उरला तर फेरीबोटीनं पलीकडे धोपाव्याला जाऊन या, नाहीतर दापोलीला परत येऊन कृषी विद्यापीठ पाहा.

तंबू नको. वजन वाढतं, उधाणाची रेषा कुठे येते ते रात्री कळत नाही, आणि प्रत्येक गावात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय आहे. जेवणाचं आदल्या दिवशी फोन करून सांगा, शाकाहारी किती तेही सांगा. भाकर तांदळाची मिळेल, ज्वारीची नाही. ठेचा घरून न्या. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं पाणी काही ठिकाणी मचूळ लागतं, खारपाणपट्ट्यातल्या माणसाला ती चव मी काय सांगणार. जानेवारीची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरा, हरभरा निघायच्या आत परत याल.

वडिलांना आणा. नऊ जणांच्या चालीनं त्यांना चालवू नका. रोज एक जण त्यांच्यासोबत एसटीनं किंवा रिक्षानं पुढच्या गावाला जाईल, पाळी लावून घ्या. मुरूड-कर्देची पुळण सपाट आणि लांब आहे, तिथे ओहोटीच्या वेळी त्यांना सगळ्यांसोबत तासभर चालू द्या, हातात काठी असू द्या. आणि केळशीला दुपारपर्यंत पोहोचाल असं बघा, पण त्या दिवशी चालायला निघू नका. सामान खोलीवर टाका आणि त्यांना सुरूच्या बनातून पुळणीवर न्या. बन संपेपर्यंत समुद्र दिसत नाही, नुसता आवाज येतो. तिथे त्यांना पुढे होऊ द्या, तुम्ही दोन पावलं मागे राहा.

तिथी ठरली की कळवा, ओहोटीच्या वेळा मी तपासून देतो.